ओएलईडी टीव्हीवर रात्रीचे प्रसंग पट्टेदार, काळेकुट्ट किंवा धुरकट दिसतात? पॅनेल बदलण्याआधी हे तपासा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भुसावळहून मामांचा फोन आला. "अरे, ते पट्टे परत आले. आता तो माणूस म्हणतो, पॅनेलच गेलं."

मामा रेल्वेत लोको पायलट होते. निवृत्तीनंतर हौसेने ५५ इंची ओएलईडी घेतला. वर्षभरातच रात्रीच्या प्रसंगात पडद्यावर उभे, मळकट पट्टे दिसायला लागले. दुरुस्तीवाला आला, त्याने मेनूतून पॅनेलची सफाई चालवली, पट्टे गेले. तीन आठवड्यांनी पुन्हा आले. पुन्हा सफाई, पुन्हा पट्टे. तिसऱ्या खेपेला त्याने पॅनेल बदलायचा खर्च सांगितला, तो जवळजवळ नव्या टीव्हीइतका होता.

अशी तक्रार मी आता जळगाव, पाचोरा, धुळे अशा चार-पाच घरांतून ऐकली आहे. म्हणून मामांच्या घरी दोन दिवस बसून काय काय तपासलं, ते सविस्तर लिहितो. ज्यांच्या टीव्हीत हीच अडचण पुन्हा पुन्हा येते, त्यांचे पैसे वाचावेत एवढीच इच्छा आहे.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की घरातल्या तिघांची तक्रार तीन वेगळ्या गोष्टींची होती. मामांना पट्टे दिसत होते. मामी अमळनेरकडच्या, त्यांचं म्हणणं, "अंधारमा काहीच दिखत नही, नुसता आवाज येस." आणि मामेभाऊ म्हणत होता की सेट-टॉप बॉक्सवर काळा रंग काळा दिसतच नाही, राखेसारखा दिसतो. दुरुस्तीवाल्यापर्यंत मात्र "अंधारातलं पिक्चर खराब आहे" एवढंच पोचलं होतं. तीन आजार आणि औषध एकच, म्हणून गुण येत नव्हता.

तेव्हा आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. चेहरे आणि कपडे काळ्यात बुडून जातात का? काळं करडं दिसतं का? आकाशात पायऱ्या आणि चौकोनी ठोकळे दिसतात का? पडद्यावर पट्टे किंवा डाग आहेत का? की चित्र हळूहळू मंद होत जातं आणि प्रसंग बदलला की एकदम उजळतं? या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

ही अडचण अंधारातच का येते, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. ओएलईडीत मागे दिवे नसतात. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. विझला की तिथे खरा काळा, त्यावर वाद नाही. पांढरा लख्ख दाखवणंही त्याला फारसं अवघड नाही. सगळ्यात कठीण जागा आहे ती विझलेला आणि जेमतेम पेटलेला यांच्यामधली. तिथे ठिपक्याला अगदी किंचित विद्युतप्रवाह लागतो. तो मोजून देणारे सूक्ष्म ट्रान्झिस्टर काचेवर लाखोंनी असतात आणि सगळे तंतोतंत सारखे नसतात. भरपूर प्रवाहात हा फरक झाकला जातो. अगदी कमी प्रवाहात तोच फरक डोळ्याला दिसतो. त्यामुळे दिवसाच्या प्रसंगात निर्दोष वाटणारा पडदा रात्रीच्या जंगलात मळका वाटू शकतो.

मामींची तक्रार: काहीच दिसत नाही

टीव्हीला हात लावायच्या आधी मी खोली बघितली. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर ट्यूबलाइट, आणि तिचं पांढरं प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मधोमध. रात्रीच्या प्रसंगात पडद्यावर नायकाऐवजी ट्यूबलाइट आणि आम्ही चौघे सोफ्यावर बसलेले दिसत होतो.

त्यात डोळ्याचाही भाग आहे. आपण सगळे अजिंठ्याला गेलो आहोत, जळगावहून साठेक किलोमीटरवर तर आहे. उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलं की आधी काळोखाशिवाय काही दिसत नाही. थोडं थांबलं की खांब दिसतात, मग भिंत, आणि मग तो पद्मपाणी हळूहळू समोर येतो. चित्र तेच, उजेड तोच. बदलतो तो डोळा. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी अंधाराला सरावायला दहाएक मिनिटं घेतात आणि मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींना पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. उजेडाच्या स्वयंपाकघरातून येऊन सोफ्यावर बसल्या बसल्या काळोखाच्या प्रसंगाचा निकाल देऊ नये.

मामांना हे एका वाक्यात पटलं. रात्रीच्या गाडीवर केबिनमधले दिवे बंद ठेवल्याशिवाय पुढचा रूळ नीट दिसत नाही, हे त्यांनी कितीतरी वर्षं अनुभवलं आहे. त्यांनी स्वतः उठून ट्यूबलाइट बंद केली.

एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या) चित्रपटांत ही अडचण जास्त जाणवते, त्याचं कारण असं. साध्या चित्रात टीव्हीला "उजळ कर" म्हटलं की सगळंच वर सरकतं. एचडीआरमध्ये मात्र सिग्नलचा प्रत्येक आकडा पडद्यावरच्या ठराविक प्रकाशाशी बांधलेला असतो. चित्रपटाचा रंगतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत बसून सावली किती गडद हवी ते ठरवतो आणि टीव्ही ती तेवढीच गडद दाखवायला बघतो. आपल्या हॉलमध्ये किती उजेड आहे, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. २०१९ साली एका गाजलेल्या परदेशी मालिकेतली रात्रीची लढाई जगभरच्या प्रेक्षकांना दिसेनाशी झाली होती, तेव्हाही छायाचित्रणाइतकीच चर्चा घरातल्या उजेडाची, टीव्हीच्या सेटिंगची आणि प्रसारणात दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) चित्राची झाली.

यावर दोन मार्ग आहेत. उत्तम मार्ग म्हणजे पडद्यावर पडणारा दिवा बंद करून टीव्हीच्या मागे, पाहणाऱ्याला बल्ब दिसणार नाही अशा जागी, एक मंद पांढरा दिवा लावणे. दुकानात "कूल डेलाइट" म्हणून मिळतो त्या बल्बच्या खोक्यावर बहुतेक वेळा ६५०० के लिहिलेलं असतं. चित्रपटाचा पांढरा रंगही ६५०० केल्विनच्याच आसपास बांधलेला असतो, त्यामुळे पडद्याचे रंग पिवळट किंवा निळसर वाटत नाहीत. दिवा मंदच हवा. मागची भिंत जेमतेम दिसावी इतपत पुरे.

दुसरा मार्ग ज्यांच्या घरी दिवा बंद करता येत नाही त्यांच्यासाठी. आजी जप करते, मुलं अभ्यास करतात, हॉल एकच असतो. अशा वेळी टीव्हीत डॉल्बी व्हिजन आयक्यू किंवा एचडीआर१० प्लस अडॅप्टिव्ह (ही एचडीआरच्याच प्रकारांची नावं) असेल तर ते चालू करा. त्यात टीव्हीचा सेन्सर खोलीतला उजेड मोजून सावल्या थोड्या उघडतो. ते नसेल तर डॉल्बी व्हिजनच्या "सिनेमा" ऐवजी "सिनेमा होम" किंवा "ब्राइट" नावाचा पर्याय निवडा. चित्र बनवणाऱ्याच्या मनातल्यापेक्षा थोडं वेगळं दिसेल, पण दिसेल. मामींसाठी आम्ही संध्याकाळी हेच ठेवलं.

एवढं करूनही चेहरे बुडत असतील तर मेनू उघडा. मामांच्या टीव्हीत ऊर्जा बचत चालू होती. ओएलईडीत ही बचत सावल्यांचा जीव घेते, ती बंद करा. "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" बंद करा, तो गडद भाग आणखी गडद करतो. चित्राचा प्रकार "व्हिविड" वरून "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" वर आणा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मवाळ वाटेल. डोळा सरावला की जुनं चित्र निळं वाटायला लागतं. गॅमा (सावल्या किती गडद दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) नावाचा पर्याय असेल तर उजेडाच्या खोलीत २.२ ठेवा. २.४ किंवा बीटी.१८८६ अंधाऱ्या खोलीसाठी आहे.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. साधं चित्र, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन या तिघांची सेटिंग वेगवेगळी साठवली जाते, आणि बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय जोडणीची सुद्धा वेगळी. बातम्या बघताना केलेला बदल चित्रपटाला लागत नाही. "मी तर ते बंद केलं होतं" असं म्हणणाऱ्या दर दुसऱ्या घरात हेच झालेलं असतं. जी तक्रार ज्या चित्रात आहे, ते चित्र चालू असतानाच मेनू उघडा.

मामेभावाची तक्रार: काळं राखेसारखं दिसतं

सावलीचा अंदाज कसा घ्यायचा, हे मला टीव्हीपेक्षा चाळीसगावला जास्त कळलं. तिथे छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. त्यांची कृष्णधवल छायाचित्रं जवळून पाहिली की लक्षात येतं, की चांगल्या चित्रात काळ्याच्या आतही काळं असतं. कोटाची घडी, केसांची बट, दाराची चौकट अंधारात असूनही ओळखू येते, आणि तरी काळा रंग करडा झालेला नसतो. टीव्हीकडून हेच दोन्ही एकाच वेळी हवं आहे.

काळा राखाडी दिसत असेल तर आधी बघा, सगळ्याच जोडण्यांवर दिसतो की एकाच. मामांकडे टीव्हीतल्या ॲपवर काळा ठीक होता, सेट-टॉप बॉक्सवरच राख. म्हणजे पॅनेल निर्दोष, भानगड बॉक्स आणि टीव्ही यांच्या बोलण्यात.

व्हिडिओच्या दुनियेत काळा ० वर नसतो, १६ वर असतो, आणि पांढरा २३५ वर. याला लिमिटेड म्हणतात. संगणकाच्या दुनियेत काळा ० आणि पांढरा २५५, त्याला फुल म्हणतात. बॉक्स लिमिटेड पाठवतो आणि टीव्ही फुल समजतो, तर १६ चा काळा करडा म्हणून रंगवला जातो. उलट झालं, म्हणजे बॉक्स फुल पाठवतो आणि टीव्ही लिमिटेड समजतो, तर १६ पर्यंतच्या सगळ्या सावल्या सरसकट काळ्या होतात आणि चेहरे बुडतात. टीव्हीत हा पर्याय बहुधा "ब्लॅक लेव्हल" किंवा "एचडीएमआय ब्लॅक लेव्हल" या नावाने असतो. दोन्हीकडे "ऑटो" ठेवा. ऑटोने भागलं नाही तर दोन्हीकडे लिमिटेड करा. मामेभावाने कधीतरी टीव्हीचा पर्याय हाताने बदलला होता. ऑटोवर आणताच आकाश काळं झालं.

सगळ्याच जोडण्यांवर करडं दिसत असेल तर "ब्राइटनेस" वाढवलेलं आहे का बघा. अंधारात दिसत नाही म्हणून लोक तेच पहिल्यांदा वाढवतात. बऱ्याच ओएलईडींत ते सावल्यांचा पाया वर उचलतं, आणि जो ठिपका विझायला हवा तो मंद पेटत राहतो. कारखान्यातून आलेला आकडा परत ठेवा. फार तर एखादा अंक इकडेतिकडे करा. चित्राचा एकूण उजेड वाढवणारा पर्याय अशा टीव्हींत वेगळा असतो. त्याच्या नावात बहुधा "ओएलईडी" किंवा "पिक्सेल" हा शब्द असतो.

काही जण दिवा चालू ठेवून करडं म्हणतात. तिथे पॅनेलचा प्रकारही बघावा लागतो. २०२२ पासून बाजारात आलेल्या क्यूडी-ओएलईडी या वेगळ्या प्रकारच्या टीव्हींत बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवक पडदा नसतो. म्हणून खोलीत उजेड असला की त्यांचा काळा किंचित करडा, जांभळट दिसतो. दिवा बंद केला की तोच काळा ठार काळा. जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या ओएलईडीत हे कमी होतं. हा दोष समजून दुकानदाराशी भांडू नका. ज्यांच्या हॉलमध्ये दिवसा भरपूर उजेड असतो, अशांनी खरेदीच्या वेळीच हे बघावं.

पायऱ्या आणि ठोकळे

ही तक्रार मामांकडे नव्हती, पण बहुतेकांची असते, म्हणून थोडक्यात. काळ्या-निळ्या आकाशात गोल गोल पायऱ्या, धुक्यात चौकोनी ठोकळे, हे बहुतेक वेळा इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचं देणं आहे. चित्र दाबताना अंधाऱ्या भागावर सगळ्यात कमी माहिती खर्च केली जाते. कारण "कुणाला दिसणार आहे?" ओएलईडी ते दाखवतो. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन पुरेसं सांगतं. ४के ब्लू-रे डिस्क १२८ एमबीपीएसपर्यंत जाते. फरक कुठे पडतो ते यातून समजावं. संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर असते, तेव्हा वेग पडला की ॲप गुपचूप खालच्या दर्जावर येतं आणि ठोकळे वाढतात.

ओळखायची युक्ती साधी आहे. तेच दहा सेकंद मागे नेऊन पुन्हा बघा. ठोकळे त्याच प्रसंगात त्याच जागी आले आणि माणूस हलला की त्याच्याबरोबर हलले, तर दोष चित्रात आहे. प्रसंग बदलला, कॅमेरा फिरला, तरी डाग पडद्याच्या त्याच जागी राहिला, तर दोष पडद्यात आहे. माझ्या मते अख्ख्या तपासणीतली ही सगळ्यात उपयोगी परीक्षा आहे. चित्राचा दोष असेल तर "स्मूद ग्रेडेशन" असा पर्याय कमीवर लावून बघा. पायऱ्या बऱ्याच बुजतात.

चित्र हळूहळू मंद होऊन मग एकदम उजळतं, तीही बिघाडाची खूण नाही. काळोख्या खोलीत दोन माणसं पाच मिनिटं न हलता बोलत असली की टीव्हीला वाटतं, चित्र थांबलं आहे, आणि पडद्यावर ठसा उमटू नये म्हणून तो उजेड उतरवतो. कुणी गुप्त मेनूतून हे बंद करून देतो म्हणाला तर करू देऊ नका, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि ते संरक्षणही जातं. गेम खेळताना अंधारात लुकलुकत असेल तर व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) बंद करून बघा. फ्रेमचा वेग वरखाली झाला की गडद भागाचा उजळपणा त्याबरोबर हलतो.

मामांचे पट्टे

आता मूळ दुखणं. रात्री नऊला मी खोली पूर्ण अंधारी केली आणि घरून पेनड्राइव्हवर आणलेलं एक चित्र लावलं. ते कुणालाही पाच मिनिटांत करता येतं. संगणकावर पेंट उघडा, लाल, हिरवा, निळा तिन्हीला १३ हा आकडा द्या, सगळा कागद त्या रंगाने भरा आणि साठवा. हा साधारण ५ टक्क्यांचा करडा. पडद्याच्या सगळ्या खोडी यावरच दिसतात.

डोळे सरावायला आम्ही पंधरा मिनिटं तसेच बसलो. मग पट्टे दिसले. डावीकडच्या एक तृतीयांश भागात बोटभर रुंदीचे तीन उभे, मधोमध एक फिकट, आणि वर उजव्या कोपऱ्यात वाहिनीच्या चिन्हाच्या जागी एक धूसर चौकोन. पुसलेल्या पाटीवर खडूचे ओघळ राहावेत तसे. मी मोबाइलने फोटो काढला, त्यात ते कितीतरी भयंकर दिसले. मोबाइल अंधारात स्वतःच उजेड वाढवतो, म्हणून फोटो बघून घाबरू नका आणि दुरुस्तीवाल्यालाही फोटोवरून निकाल देऊ देऊ नका. नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या चित्रात दिसतं का, तेवढंच खरं.

साडेदहाला मामा उठले, रिमोटने टीव्ही बंद केला, दोन पावलं चालले आणि बोर्डावरचं बटण खटकन खाली केलं. मग सेट-टॉप बॉक्सचं, मग राउटरचं, मग कूलरचं. मी विचारलं, "मामा, हे रोज?" म्हणाले, "रोज. गाडी सोडताना सगळं बंद करून चार्ज द्यायचा, ती सवय."

पट्टे पुन्हा पुन्हा का येतात, ते तिथे कळलं.

वर सांगितलेला ट्रान्झिस्टरांचा फरक टीव्ही स्वतःच दुरुस्त करत असतो. एकूण चार तास वापर झाला की पुढच्या वेळी रिमोटने बंद केल्यावर तो पडदा काळा ठेवून ठिपक्यांचं मोजमाप घेतो आणि प्रत्येकाचा हिशेब नव्याने जुळवतो. याला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ भिंतीतून वीज हवी. मामा रोज साधारण पाच तास टीव्ही बघतात. म्हणजे रोज रात्री टीव्ही मोजमापाला बसणार, आणि रोज रात्री मामा त्याची वीज तोडणार. तीन आठवड्यांत शंभरावर तास असेच साचले. दुरुस्तीवाल्याने मेनूतून मोठी सफाई चालवली की साचलेलं निघून जायचं, पण रोजची बंदच असल्याने पुन्हा साचायचं. मोठी सफाई तासभर चालते आणि ती वारंवार करणं पॅनेलला चांगलं नाही. म्हणजे औषध घेऊन घेऊन पडदा झिजत होता आणि रोग तसाच.

आपल्याकडे बोर्डावरून बंद करणं चांगल्या घराची खूण मानतात. विजेचं बिल, उन्हाळ्यातले व्होल्टेजचे झटके, वळवाच्या पावसातल्या विजा, सगळ्याची भीती खरी आहे. म्हणून त्यांच्याशी नीट बोललो. बिलाचा हिशेब आधी केला. बंद अवस्थेत टीव्ही अर्ध्या वॅटच्या आसपास खातो असं धरलं, तर महिनाभर चोवीस तास लावून ०.३६ युनिट होतं. व्होल्टेजचं म्हणाल तर बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्वतःच सांभाळून घेतात. मोटार सुरू झाली आणि दिवे मंद झाले म्हणून टीव्हीचा काळा रंग बदलत नाही. राहिल्या विजा. आभाळ कडकडायला लागलं तर जरूर प्लग काढा, नुसतं बटण नाही, प्लगच, आणि केबलची पिनही. एका रात्रीचं मोजमाप राहिलं तर काही बिघडत नाही, टीव्ही ते पुढच्या वेळी करतो. गावाला जायचं असेल तर रिमोटने बंद करा, पाव तास थांबा, मग बोर्ड.

रात्री वीज जाण्याचा त्रास असलेल्या भागात टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला तर उत्तम. मामांनी तो दुसऱ्या दिवशी वायरमनकडून घेतला.

त्या रात्री आम्ही बटण तसंच ठेवलं. मामांना झोप येईना, काहीतरी चालू राहिलंय ही रुखरुख. दोघे अंधारात बसून राहिलो. टीव्हीखालचा लाल दिवा तेवढा दिसत होता. दहाएक मिनिटांनी टीव्हीच्या पोटातून "टक्" असा रिलेचा आवाज आला. मामा म्हणाले, "सिग्नल मिळाला." आणि झोपायला गेले.

चौथ्या दिवशी त्यांनी तेच करडं चित्र लावून फोन केला. कोपऱ्यातला चौकोन गेला होता, तीनपैकी दोन पट्टे शोधावे लागत होते. दिवाळीत मी स्वतः पाहिलं. डावीकडचा एक पट्टा अजून आहे, पण तो फक्त त्या करड्या चित्रावर, पूर्ण अंधारात, बघायचाच म्हणून बघितला तर दिसतो. चित्रपटात दिसत नाही. इतपत फरक प्रत्येक ओएलईडीत असतो, आणि त्याच्यामागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. मोठी सफाई त्यानंतर त्यांनी एकदाही चालवलेली नाही.

उन्हाळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत ० ते ४० अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. उष्णतेने ओएलईडीचे ठिपके लवकर म्हातारे होतात. टीव्ही त्या भिंतीवर टांगू नका, कपाटाच्या बंद कोनाड्यात कोंबू नका, मागे हवा खेळायला जागा ठेवा. कूलरच्या झोतातही नको, त्या हवेत पाण्याचे तुषार असतात. मामांचा टीव्ही पश्चिमेच्याच भिंतीवर होता. दसऱ्याला तो उत्तरेच्या भिंतीवर आला.

ज्यांचे पट्टे एवढं करूनही जात नाहीत त्यांच्यासाठी: सलग दहा रात्री बोर्ड चालू ठेवा. मग मेनूतली मोठी सफाई एकदाच चालवा, टीव्ही थंड असताना, रात्री झोपण्याआधी. आणखी दहा रात्री थांबा. त्यानंतरही नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या चित्रपटात पट्टे दिसत असतील तर कंपनीला कळवा. तारीख लिहून ठेवा, किती रात्री वीज चालू होती ते सांगा, आणि माणूस घरी येईल तेव्हा खोली अंधारी करून ते १३ आकड्याचं करडं चित्र त्याच्यासमोर लावा. वॉरंटीत असाल तर पैसे देऊन पॅनेल बदलायची भाषा मान्य करू नका, लेखी कारण मागा.

मामांच्या बोर्डावर त्या बटणाला आता पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर मामींच्या अक्षरात लिहिलंय, "हाऊ बटन बंद करू नका."